बाबांच्या कमरेचं माप

३ ऑक्टोबर, रविवार

बाबा शेवटी हो म्हणाले. डिसेंबरात मला पहिली मोठी सुट्टी मिळाली की आम्ही दोघं डोंगरावर जाणार, आणि या वेळी शेवटच्या दगडाशी थांबायचं नाही.

तो दगड म्हणजे हद्दीचा दगड. बाबा मोजणी खात्यात पट्टी धरायचे. साहेब खाली दुर्बिणीला डोळा लावून उभे, आणि बाबा समोर लांबवर, आकडे रंगवलेली उंच पट्टी सरळ धरून. साहेबांचा हात उजवीकडे हलला की उजवीकडे सरकायचं, डावीकडे हलला की डावीकडे. दोन्ही हात वर झाले की रीडिंग झालं. त्यांना नोकरीवर घेतलं तेच उंचीमुळे. खात्यात सगळे त्यांना 'निशाण' म्हणत. इथले सगळे डोंगर त्यांनी पायाखाली घातले, पण हद्दीच्या दगडापर्यंतच. माथा तिथून थोडाच वर आहे. "साहेब म्हणायचे, झालं, उतरा. की आम्ही उतरायचो," बाबा म्हणतात. माथ्याच्या पलीकडे काय आहे ते त्यांनी निवृत्त झाले तरी पाहिलेलं नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पदवी मिळाली, ग्राहक मार्गदर्शन केंद्रात नोकरीही लागली. तेव्हापासून बाबा मला साहेब म्हणतात. मग साहेबांनी त्यांना माथ्यावर नेलंच पाहिजे.

अडचण एकच, बाबांकडे धड पॅन्ट नाही. खात्याची खाकी नेहमी घोट्याच्या वर असायची, आणि कमरेला पट्ट्याखाली पोत्याच्या तोंडासारख्या चुण्या. दगडाच्या वरचं गवत काटेरी आहे, पहाटे ओलंचिंब असतं. मी ठरवलंय, बाबांना डोंगर चढायची खरी पॅन्ट घ्यायची. हलकी, पटकन वाळणारी, गुडघ्यात ताणणारी, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या मापाची.

"आणि साहेब काय घालणार?" बाबांनी विचारलं.

"माझं राहू द्या. माझी जुनी आहे ना."

माझी अंगकाठी बाबांचीच आहे. शाळेत मला शिडी म्हणायचे. बायकांच्या पॅन्टचे पाय माझ्या पोटरीशी येऊन दम टाकतात. पण आधी बाबा.

५ ऑक्टोबर, मंगळवार

माप घेतलं. आई घरी पडदे आणि अभ्रे शिवून देते, तिच्या डब्यातली टेप घेतली. बाबा पट्टी धरल्यासारखे ताठ उभे राहिले. "वाचा साहेब." कंबर चौतीस. शर्टाखाली स्वेटर होता, तो काढा म्हटलं तर थंडी वाजते म्हणाले. स्वेटरचे म्हणून मी थोडं कमी धरणार होते, पण बाबा म्हणाले, "चौतीसच आहे, वर्षानुवर्षं चौतीस. लिहा." लिहिलं.

संध्याकाळी आले तर घराला कुलूप. दोघं बँकेत गेले होते. गेल्या मंगळवारीही बँकेतच होते. निवृत्तिवेतनाचं काहीतरी लटकलंय असं दिसतं. आमच्या केंद्राकडून एक पत्र टाकू का विचारलं, तर आई म्हणाली, "काही नको. तू तुझ्या नोकरीकडे बघ. अजून पक्की व्हायचीय ती."

१० ऑक्टोबर, रविवार

पहिली पॅन्ट आणली. पाय आखूड. बाबा आरशासमोर उभे राहून म्हणाले, "पूर आला तर उपयोगी आहे." मी परत करायला गेले.

दुकानदार खेळाचं आणि भटकंतीचं सामान विकतो, गप्पिष्ट माणूस आहे. "ताई, कंपनीचं गणित सोपं आहे. पाय लांब हवेत? मग पोटही मोठं घ्या. उंच माणूस आडवाही असणारच, असं धरून चालतात ते."

"आणि जो नसेल त्याने काय करायचं?"

"त्यानं चांगला पट्टा घ्यावा. पट्टे तिकडे आहेत."

एक माप मोठी घेतली. घरी आल्यावर बाबांनी घातली आणि आईला हाक मारली, "अगं ये, तूही मावशील आत!" आई हसली नाही. तिला बाबांचे विनोद आवडतात एरवी.

१६ ऑक्टोबर, शनिवार

हा साधा विषय नाही. जगात कितीतरी माणसं उंच आणि सडपातळ आहेत. त्यांनी काय गुन्हा केलाय? प्रत्येक पॅन्ट एक तर घोटा उघडा टाकते किंवा कमरेवरून उतरते. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून काढली आणि कधी तक्रार केली नाही. मी करणार. पदवी कशासाठी घेतलीय?

दुकानदाराने एक वही पुढे सरकवली. त्यात एका कंपनीचा खास लांब पायांचा प्रकार होता. कंबर चौतीस, पाय लांब. बाहेरून मागवावी लागेल म्हणाला. मागवली.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण. दारातच थबकली. "काय रे ही दशा? खुंटीला कोट टांगल्यासारखा दिसतोयस!"

"लहानपणी तूच सांगायचीस ना आईला, वारा सुटला की याला दोरीनं बांधून ठेव?" बाबा म्हणाले.

"चेष्टा नको करूस. खातोस की नाही?"

"ताई, तुमचा चहा गार होतोय," आई मध्येच बोलली. चहा तर अजून गाळलासुद्धा नव्हता.

जाताना आत्याने मला कवटाळलं, बराच वेळ सोडलं नाही. तिचंही वय झालंय आता, हळवी झालीय.

३० ऑक्टोबर, शनिवार

लांब पायांची पॅन्ट आली! राखाडी रंगाची, गुडघ्याला शिवणी, खिशाला चेन. बाबा आतल्या खोलीत जाऊन घालून आले. पाय बरोबर बुटाच्या पाठीवर टेकले. मी टाळ्या वाजवल्या. मग पाहिलं, तर बाबांनी कंबर मुठीत धरली होती. मूठ काढली असती तर पॅन्ट खाली आली असती.

चौतीस मागवली, चौतीस लिहिलंय, आणि सैल! ही तर उघड फसवणूक आहे. लोकांना बरं वाटावं म्हणून मोठ्या पॅन्टवर लहान आकडा छापत असणार. दुपारीच कंपनीला पत्र लिहून टाकलं. बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं. "'सडपातळ नागरिक' छान लिहिलंस," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या पत्राने कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं नव्हतं.

४ नोव्हेंबर, गुरुवार

केंद्रातल्या मॅडमना पत्राची प्रत दाखवली. त्या म्हणाल्या, "आरोप केलास, पुरावा कुठाय? पॅन्ट मोजलीस?"

मोजली नव्हती. आज पॅन्ट घेऊन गेले आणि मॅडमच्या टेबलावर पसरून मोजली. चौतीस. उलटी करून मोजली. चौतीसच. मला शरमल्यासारखं झालं.

"मग माणसाचं माप चुकलं असेल," मॅडम म्हणाल्या. "कधी घेतलं होतंस?"

"महिना होईल."

"महिना. मग टेप जुनी असेल. किंवा..." आणि त्या थांबल्या. किंवा काय विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही. बाबा बरे आहेत ना तुझे? चहा घे." 

येताना नवी टेप घेतली. आईला सांगितलं की तुझी टेप ताणलीय. तिने लगेच मान डोलावली, "हो, ताणलीच असेल, जुनी आहे." आई तिच्या सामानाला कधी नावं ठेवू देत नाही. आज इतक्या पटकन कबूल झाली याचंच नवल वाटलं.

नव्या टेपने बाबांचं माप पुन्हा घेतलं. चौतीस! आता मात्र माझी मती गुंग झाली. पॅन्ट चौतीस, बाबा चौतीस, आणि मध्ये मूठभर जागा.

"साहेब, कधी कधी रीडिंग जुळत नाही," बाबा म्हणाले. "आमचे साहेब तेव्हा जेवायला बसायचे."

७ नोव्हेंबर, रविवार

आईने ठरवलं की ती पॅन्ट परत करायची नाही, ती स्वतः कमरेत घेणार. मी म्हटलं बाबांना उभं कर. "ते झोपलेत. तू उभी राहा, दोघांची उंची एकच."

मी ती घालून स्टुलाशेजारी उभी राहिले आणि आईने कमरेभोवती पिना लावल्या. बोटं चालत होती, डोळे पिनांवरून हलत नव्हते. मी म्हटलं, "आई, अगं, माझ्या अंगाला बसवलीस तर बाबांना घट्ट होईल." तोंडात पिना होत्या. "हं," एवढंच म्हणाली.

मग पिना संपल्यावर म्हणाली, "कापड कापत नाही. आत माया ठेवते. पुढं लागली तर उसवता येईल."

बाबा झोपले नव्हते. दार किलकिलं होतं. पलंगावर बसून ते बघत होते. मी बघितल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले. रीडिंग झालं.

१४ नोव्हेंबर, रविवार

पॅन्ट तयार आहे. बाबांनी घालून पाहिली नाही. "आईनं शिवलीय म्हणजे बसणारच." गुडघ्यावरच्या शिवणीवरून हात फिरवला, चेन उघडून मिटून पाहिली आणि दाराजवळच्या खुंटीवर ती अडकवली. येता जाता दिसते. माझ्या डोक्यावरून ओझं उतरलं. आता फक्त बुटांची सवय करायची.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

सरावाला म्हणून रोज सकाळी बाबांना कोपऱ्यापर्यंत नेते. या बुटांच्या नाड्या अगदीच टाकाऊ आहेत. बाबांना सारखं खाली बसून त्या बांधाव्या लागतात. पिठाच्या गिरणीच्या पायरीवर एकदा, शाळेच्या भिंतीपाशी एकदा. शेवटी मी वाकून पाहिलं तर गाठ होती तशीच होती. "सैल वाटली," म्हणाले. उद्या दुकानदाराला चांगलं सुनावणार आहे.

येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या उंचीचा फायदा होतो," म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा खांदा असता तर वाकावं लागलं असतं."

२ डिसेंबर, गुरुवार

दवाखान्यात बसून लिहितेय.

सकाळी बाबा दाराशी पडले. खुंटीवरची पॅन्ट धरायला गेले आणि तिच्यासकट खाली आले. इथे आणल्यावर नर्सने कपडे बदलायला सांगितलं. आई कागद भरत होती म्हणून मीच शर्ट काढला. आत स्वेटर. स्वेटरच्या आत, पॅन्टच्या वरून, कमरेभोवती टॉवेल. घड्या घालून, गुंडाळून, सेफ्टी पिनांनी नीट टाचलेला. आईच्या हाताचं टाचण मी कुठेही ओळखीन.

मी पिना काढल्या. टॉवेल सुटत गेला, सुटत गेला, आणि आत जे उरलं ते चौतीस नव्हतं. 

बाबा माझ्याकडे बघत होते. चोरी पकडल्यासारखे.

"रीडिंग चुकलं, साहेब," म्हणाले.

आयुष्यभर मोजणीला सरळ उभा राहिलेला माणूस. एकदाच मापात खोटं केलं आणि ते माझ्या टेपला दिलं.

५ डिसेंबर, रविवार

आईने सांगितलं. सप्टेंबरातच कळलं होतं. पोटात आहे, पसरलंय. मंगळवारी बँक नव्हती, दवाखाना होता. आत्याला माहीत होतं. मला तेवढं माहीत नव्हतं.

मी ओरडले आईवर. व्हरांड्यात, लोकांसमोर. मला का सांगितलं नाही? मी काय लहान आहे?

आई भिंतीला टेकून शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून इथं बसली असतीस. त्यांना ते नको होतं." मग थोड्या वेळाने, "आणि तू पॅन्टच्या मागं लागलीस ना, ते त्यांना आवडायचं. नवी आणलीस की दिवसभर तेच बोलायचे. मी म्हटलं, अहो, पोरगी कष्टी होतेय, मापाचं खरं सांगा. तर म्हणाले, खरं सांगितलं तर शोधायचं थांबवेल."

मी ऑफिसातून सुट्टी टाकलीय. कंपनीला लिहिलेलं पत्र आठवतंय आणि तोंड लपवावंसं वाटतंय. 'आपल्या चुकीच्या मापामुळे' असं लिहिलं होतं मी.

१२ डिसेंबर, रविवार

बाबांना घरी आणलंय. खिडकीतून डोंगर दिसत नाही, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. बाबा म्हणाले, "तिची पातळी तिरकी आहे बघ." मी बघितलं. खरंच तिरकी आहे.

आई बाहेर गेल्यावर म्हणाले, "तू जा माथ्यावर. आईला दगडापर्यंत ने. तिला वाटतं मी सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हातवाऱ्यावर इकडून तिकडे सरकलो आणि मला काही म्हणजे काही बघायला मिळालं नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन बसते. ते काढ तिच्या डोक्यातून."

"कसं काढू?"

"साहेब तुम्ही. तुम्ही सांगायचं. मी फक्त पट्टी धरतो."

मी विचारलं, बाबा, तुम्हाला वाईट वाटतं का, पलीकडचं बघायचं राहिलं म्हणून. ते टाकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थोडं. पण तिला सांगू नकोस."

२१ डिसेंबर, मंगळवार

बाबा गेले, सकाळी. आई डाव्या बाजूला होती, मी उजव्या.

९ जानेवारी, रविवार

कंपनीचं उत्तर आलं. छापील नव्हतं, कुणीतरी बसून लिहिलेलं. उंच आणि सडपातळ ग्राहकांची अडचण आम्ही समजू शकतो, आमच्या लांब पायांच्या प्रकाराबद्दल आपण लिहिलेल्या सूचना पुढे पाठवल्या आहेत. शेवटी लिहिलंय, 'कृपया वापरणाऱ्याचे माप पुन्हा एकदा घेऊन आम्हाला कळवावे.'

पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात खाली बसले. आईने विचारलं काय लिहिलंय. मी म्हटलं, दिलगीर आहेत.

नोकरी पक्की झाल्याचा कागदही याच आठवड्यात मिळाला. दाखवायला कुणाला नेऊ म्हणून पिशवीतच ठेवलाय.

१३ फेब्रुवारी, रविवार

काल संध्याकाळी आईने खुंटीवरची पॅन्ट काढून माझ्यापुढे ठेवली. "उद्या ही घाल."

"बाबांची आहे ती."

"घाल तर."

घातली. कमरेला पट्टा नको, मूठ नको. पाय बुटाच्या पाठीवर. इतकी मापात बसलेली पॅन्ट मी आजवर घातलेली नाही. मला ठाऊक होतं की त्या दिवशी ती माझ्या अंगावर बेतली होती. पण मी धरून चालले होते की आई नंतर बाबांचा हिशोब करणार.

"तू तिसरी पॅन्ट आणलीस त्या दिवशीच म्हणाले होते," आई पायांची मोहरी झटकत म्हणाली. "माझ्या मापाची करू नको, साहेबांच्या मापाची कर. तिला तरी कोण शोधून देणार आहे. मी त्या रविवारी बोलून गेले असते. तोंडात पिना होत्या म्हणून निभावलं."

सकाळी निघालो. आई डोंगर कधी चढलेली नाही, तरी एका शब्दाने कुरकुरली नाही. दगड दिसला तेव्हा तिने जवळ जाऊन त्याला हात लावला. गुडघाभर उंचीचा, पांढरा रंग उडालेला, एका बाजूला आकडा कोरलेला. "एवढासा?" म्हणाली. तिच्या मनात तो बराच मोठा असावा. मग त्याच्यावर बसली. "जा तू. माझे पाय संपले."

वरचं गवत बाबा सांगायचे तसंच होतं. ओलं, काटेरी. पॅन्ट भिजली आणि वाऱ्याने तिथल्या तिथे वाळली. एक काटा आत आला नाही. बाबांना नेऊन दाखवावी अशी पॅन्ट होती.

माथ्यावर पोचले.

पलीकडे जमीन एकदम खाली जाते. खाली रुंद दरी, तिच्यात नदी, आणि नदीला मध्येच पाच-सहा फाटे फुटून पुन्हा ते एकत्र आलेले. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलेलं. त्यापलीकडे शेतं, एक पूल, आणि फार लांब, आकाशाच्या कडेला, पाण्याची एक सरळ रेघ. समुद्र असावा. बाबा नोकरीची सगळी वर्षं त्याच्याकडे पाठ करून उभे होते. साहेबांकडे तोंड करून. दगडावरून वर आले असते तर चहा उकळतो तेवढ्यात दिसलं असतं.

मी तिथे उभी राहून रडले. वारा इतका होता की स्वतःचाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

मग मागे वळले. खाली आई दगडावरून उठून उभी राहिली होती, कपाळावर हात आडवा धरून. तिने हाताने विचारलं, काय? मग ओरडून विचारलं. वाऱ्यात अर्धंच ऐकू आलं, "काय दिसतंय गं?"

मी लेबलांवरच्या खोट्या आकड्यांसाठी लोकांना पत्रं लिहिते. ती माझी नोकरी आहे.

मी तोंडाभोवती हात धरले. "डोंगर!" ओरडले. "इकडच्यासारखेच!"

"अजून काय?"

"काही नाही! नुसतं गवत!"

आई बराच वेळ तशीच उभी होती. मग हळूच पुन्हा दगडावर बसली, पाठ सैल सोडून. गेले कितीतरी महिने तिला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी दोन्ही हात वर केले आणि उतरायला लागले.